९८ वॉट-तासांचा हिशेब : लांब शूटिंगमध्ये कॅमेऱ्याची वीज कशी पुरवायची

मागच्या महिन्यात कॉलेजातली चार मुलं त्यांच्या पहिल्या शॉर्टफिल्मचं सामान दाखवायला माझ्याकडे आली. कॅमेरा उसना, मॉनिटर भाड्याचा आणि विजेसाठी २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका. शूटिंग दोन दिवसांचं, नाशिकच्या गोदाघाटावर, पहाटेपासून. माझ्या टेबलावरची व्ही-माउंट, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर बसणारी बॅटरी एकीने हातात घेतली, मागचं लेबल वाचलं आणि म्हणाली, "ताई, हिच्यावर ६,८०० लिहिलंय. म्हणजे आमची पॉवर बँक हिच्या तिप्पट झाली ना?"

नाही. माझी बॅटरी तिच्या पॉवर बँकेपेक्षा मोठी आहे, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने. हे कसं, ते एकदा नीट कळलं की लांब शूटिंगमधल्या विजेच्या निम्म्या अडचणी कागदावरच सुटतात. त्या संध्याकाळी मुलांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. लेन्स शिकवणारे खूप भेटतात, लाइटिंग शिकवणारेही भेटतात. बॅटरीबद्दल कुणी बसून सांगत नाही, आणि सेटवर खोळंबा तिच्यामुळेच होतो.

टाकी किती मोठी आणि किती उंच

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे मला वीज पाण्यावरून लवकर समजते. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. टाकीत पाणी किती आहे, एवढंच तो आकडा सांगतो. टाकी किती उंचावर बसवली आहे, ते सांगतो व्होल्ट. त्या पाण्याकडून काम किती करून घेता येईल, हे दोन्हींवर ठरतं. जमिनीलगतच्या मोठ्या टाकीपेक्षा माळावर चढवलेली लहान टाकी जास्त काम करू शकते.

पॉवर बँकेवर छापलेले २०,००० हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. २० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, उत्तर ७४ वॉट-तास. व्ही-माउंटवरचे ६,८०० हे १४.४ व्होल्टला मोजलेले. ६.८ गुणिले १४.४, उत्तर ९८ वॉट-तास. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करायची असेल तर एमएएच बाजूला ठेवा आणि वॉट-तास बघा. चांगल्या बॅटरीवर तो आकडा छापलेलाच असतो. नसेल तर गुणाकार करा. आणि फक्त मोठ्ठा एमएएच लिहून व्होल्टचा पत्ता नसेल, तर ती बॅटरी मी घेत नाही.

व्ही-माउंटच्या आत काय असतं तेही माहीत असावं, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. साधारण या आकाराच्या बॅटरीत १८६५० नावाचे आठ गोल सेल असतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आपल्या पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाड आणि उंच. चार सेल एकामागे एक जोडले की व्होल्टची बेरीज होते, आणि अशा दोन रांगा शेजारी लावल्या की अँपिअर-तास दुप्पट होतात. हे सेल लिथियम-आयन जातीचे. ही जात सोनीने १९९१ साली बाजारात आणली, तीही आपल्या कॅमकॉर्डरसाठी. म्हणजे ही बॅटरी आणि कॅमेरा यांची सोबत पहिल्या दिवसापासूनची आहे. २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, ते याच बॅटरीसाठी.

पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टचा असतो. चार सेल म्हणजे १६.८. जसजशी वीज वापरली जाते तसतसा हा आकडा उतरत १२च्या आसपास येतो आणि बॅटरीतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. म्हणजे १४.४ हा मधला, सरासरीचा आकडा आहे. प्रत्यक्षात आपल्या कॅमेऱ्याला सकाळी १६.८ व्होल्ट मिळतात आणि बॅटरी संपताना १२. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता वापर. वॉट म्हणजे खर्चाचा वेग, जसं ड्रिपरवर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं तसं. माझ्या मधल्या आकाराच्या रिगचा, म्हणजे कॅमेरा आणि त्याला जोडलेल्या यंत्रांचा, खर्च असा येतो: सिनेमा कॅमेरा २५ वॉट, सात इंची मॉनिटर १६, दिग्दर्शकाच्या मॉनिटरला चित्र पाठवणारा वायरलेस ट्रान्समीटर ९, फोकसची मोटर सरासरी ५. बेरीज ५५ वॉट. ९८ वॉट-तासांची बॅटरी कागदावर पावणेदोन तास चालायला हवी. पण मी ९८ कधीच धरत नाही. सेल जुने होतात, केबलमध्ये थोडं जातं, आणि अगदी तळाचा थेंब काढायला जाणं म्हणजे चालू टेकमध्ये कॅमेरा बंद पाडणं. म्हणून ८५ टक्के धरते, ८३ वॉट-तास. म्हणजे दीड तास. बारा तासांच्या शिफ्टमध्ये रिग साधारण नऊ तास चालू असते. नऊ भागिले दीड, सहा बॅटऱ्या. एक वरची. सात.

हा सगळा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात बसतो. मॉनिटरचे वॉट त्याच्या मागच्या बाजूला किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेले असतात, आणि बॅटरीवरच्या डी-टॅप नावाच्या सॉकेटला लावायचा एक छोटा वॉटमीटर मिळतो, तो घेतलात तर अंदाज करायची गरजच राहत नाही. मॉनिटरचा उजेड पूर्ण वाढवला की खर्च किती चढतो, हे मी त्या मीटरवर पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून सावलीत आलो की मॉनिटरचा उजेड उतरवायची सवय लागली.

आधी काय बंद पडतं

नवी मुलं कॅमेऱ्याच्या बॅटरीची काळजी करतात. कॅमेरा बिचारा अर्धा तास आधीपासून सूचना देत असतो. गुपचूप जातात ती छोटी यंत्रं. कलाकाराच्या कमरेला लावलेला लेपल माइकचा ट्रान्समीटर, चित्र आणि आवाजाची वेळ जुळवणारी टाइमकोडची डबी, फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरच्या हातातला कंट्रोल. माइक गेलेला साउंडवाल्याच्या कानाला कळतो, पण कानाला हेडफोन लावून बसलेला माणूसच नसेल तर घरी एडिटला बसल्यावरच कळतं. माइकमध्ये पेन्सिल सेल असतील तर नियम साधा ठेवा: जेवणाच्या सुट्टीत सगळे बदलायचे, निम्मे भरलेले दिसत असले तरी. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरत असाल तर माइकच्या मेनूत तशी नोंद करा. ते सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. यंत्राला अल्कलाइन सांगून आत रिचार्जेबल घातले की बॅटरीची खूण चुकीची दिसते.

बारीक वायरीचं दुखणं

दोन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली गोष्ट. दिंडोरीकडच्या एका बागेत शूटिंग होतं. शॉट असा की आजी वेलीखाली उभी राहून पहिला घड खुडते आणि क्षणभर नुसती हातात धरते. सूर्य डोंगराआड जायला पंधरा-वीस मिनिटं होती. मांडवाखाली आजींच्या चेहऱ्यावर थोडा उजेड कमी पडत होता, म्हणून मी अटेंडंटला छोटा एलईडी धरायला सांगितला. त्या लाइटची स्वतःची बॅटरी संपलेली. त्याने लाइटची वायर कॅमेऱ्याच्याच व्ही-माउंटवरच्या, एका सॉकेटचे अनेक करणाऱ्या स्प्लिटरमध्ये घातली. मला दिसलं होतं, मी काही बोलले नाही. टेक सुरू झाला. आजींनी घड खुडला, तळहातावर घेतला. मी खुणेने उजेड वाढवायला सांगितलं, त्याने नॉब फिरवला, आणि माझ्यासमोरचा मॉनिटर काळा झाला. कॅमेराही बंद.

"ताई, बॅटरी तर निम्मी आहे," अटेंडंट बॅटरीचं बटण दाबून मला दाखवत होता. चारपैकी दोन दिवे लागत होते. त्याचं खरं होतं.

ठिबकवर ज्यांनी काम केलंय त्यांना हे पटकन कळेल. १२ एमएमच्या लॅटरल नळीवर लांबच लांब ओळ टाकली की शेवटच्या वेलींना पाणी कमी पडतं. विहिरीत पाणी असतं, मोटर चालू असते, पण नळीतल्या घर्षणात दाब खर्च होतो. ड्रिपर जितके जास्त, नळी जितकी बारीक आणि लांब, तितकी टोकाची अवस्था वाईट. म्हणून जाणकार माणूस लांब ओळीला १६ एमएम टाकतो. वायरचंही हेच. प्रत्येक वायरला थोडा अडथळा असतो, आणि तिच्यातून जितका जास्त करंट जाईल तितके व्होल्ट वाटेतच गळतात.

आमची रिग ५५ वॉटची, त्यात ६० वॉटचा लाइट. ११५ वॉट. १४ व्होल्टला हे आठ अँपिअरच्या वर जातं. स्प्लिटरच्या बारीक वायरीचा आणि जोडांचा अडथळा ०.३ ओहम धरला तर वाटेत अडीच व्होल्ट गेले. ताण पडल्यावर बॅटरीचे स्वतःचे व्होल्टही जरा दबतात. कॅमेऱ्यापर्यंत पोचले ११च्या आसपास, आणि त्याला १२च्या खाली गेलं की बंद व्हायचं, हे शिकवलेलं. निम्मी भरलेली बॅटरी असून कॅमेरा उपाशी राहिला.

यात अजून एक बारकावा आहे. रिगला व्होल्ट कमी मिळाले म्हणून तिचं काम कमी होत नाही. ५५ वॉट तिला लागतातच, मग ती करंट जास्त ओढते. १६.८ व्होल्टला ५५ वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर, १२ व्होल्टला साडेचारच्या वर. करंट वाढला की वायरीतली गळती वाढते, गळती वाढली की व्होल्ट अजून उतरतात. म्हणून बॅटरीचा शेवटचा टप्पा नेहमी अपेक्षेपेक्षा लवकर संपतो, आणि बारीक केबल सकाळी बिनतक्रार चालते, संध्याकाळी दगा देते. मोठ्या कॅमेऱ्यांच्या जगात यावरचा उपाय व्होल्ट वाढवण्याचा आहे. आरी कंपनीचा अलेक्सा ३५ हा कॅमेरा २४ व्होल्टच्या बी-माउंट बॅटरीवरच चालतो. व्होल्ट वाढले की तेवढ्याच वॉटला करंट कमी लागतो, आणि वायरीचं दुखणं हलकं होतं.

त्या टेकची फाइल उघडलीच नाही. याचंही कारण समजून घ्या. आपण रेकॉर्डिंग थांबवतो तेव्हा बहुतेक कॅमेरे फाइलला एक सूची जोडतात, कुठली फ्रेम कुठे ठेवली आहे याची. वीज मध्येच गेली की चित्र कार्डवर असतं पण सूची नसते, आणि सूचीशिवाय प्लेअर ती फाइल सहसा वाचू शकत नाही. अशा वेळी त्या कार्डवर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका, ते बाजूला काढून ठेवा. काही कॅमेरे पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करतात, काही वेळा दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने ती परत मिळते. आमची मिळाली नाही. आजींना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवलं. त्या आल्या, एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पण तो पहिला घड खुडून झाला होता, आणि दुसऱ्या घडाला त्यांनी तसं पाहिलं नाही.

तेव्हापासून लाइट आणि कॅमेरा एका बॅटरीवर घेत नाही. कितीही घाई असो.

जोडणीतल्या तीन जागा

छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांना व्ही-माउंट थेट लागत नाही. सोनीची एनपी-एफझेड१०० ही बॅटरी ७.२ व्होल्टची, १६.४ वॉट-तासांची. म्हणजे १६.८ व्होल्ट देणारी बॅटरी त्या जागी सरळ जोडली तर कॅमेरा जळेल. मध्ये डमी बॅटरी येते: बाहेरून बॅटरीचा आकार, आत सेल नाहीत, मागे वायर. तिच्या वायरीत व्होल्ट उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट असायला हवं. स्वस्तातली काही डमी केबल नुसती वायर असते. विकत घेतल्यावर आधी मल्टिमीटर लावा, मग कॅमेरा. डमीचा दुसरा तोटा असा की आत बॅटरी नसते, वायर हिसकली की फाइल गेली. तुमचा कॅमेरा यूएसबी-सी मधून चालू अवस्थेत वीज घेत असेल तर मी तोच रस्ता निवडेन. आत खरी बॅटरी राहते, बाहेरची वीज आधी वापरली जाते, आणि बाहेरची तुटली तर आतली सांभाळून घेते. फक्त पॉवर बँक आणि केबल दोन्ही पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीमधून जास्त वॉट देणाऱ्या, जातीच्या हव्यात. यूएसबी-सीच्या टोकाचा आकार सारखा असला तरी प्रत्येक केबल तेवढा करंट नेऊ शकत नाही.

डी-टॅप हा व्ही-माउंटवरचा दोन पिनांचा सॉकेट. त्याचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, एक बाजू सपाट, म्हणजे तो एकाच दिशेने बसावा. पण हलक्या प्लास्टिकचा प्लग जोर लावला तर उलटाही बसतो, आणि मग प्लस-मायनस उलटे होऊन यंत्र त्याच क्षणी जातं. अंधारात डी-टॅप लावायचा असेल तर टॉर्च लावा. मी सपाट बाजूला नेलपॉलिशचा पांढरा ठिपका देऊन ठेवते.

तिसरी जागा फार कमी लोकांना माहीत असते, आणि ती महागात पडते. कॅमेरा आणि मॉनिटर किंवा ट्रान्समीटर यांच्यामध्ये चित्र नेणारी एसडीआय केबल असेल तर आधी वीज जोडा, मग एसडीआय. काढताना आधी एसडीआय, मग वीज. उलट केलंत आणि विजेच्या प्लगमधली मायनसची पिन टेकायला क्षणभर उशीर झाला, तर सगळा करंट परतीचा रस्ता शोधत एसडीआयच्या केबलमधून जातो आणि कॅमेऱ्याचा एसडीआय पोर्ट भाजतो. पोर्टची दुरुस्ती म्हणजे कॅमेऱ्याची मुख्य प्लेट बदलण्याइतकी वेळ येऊ शकते. अटेंडंट नवीन असेल तर पहिल्या दिवशी मी फक्त हे एक वाक्य त्याच्याकडून पाठ करून घेते.

रात्र नऊ तासांचीच असते

बॅटऱ्या किती न्यायच्या हे ठरवताना लोक त्या भरणार कधी, हे विसरतात. ६.८ अँपिअर-तासांची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर भागाकाराने साडेतीन तासांत भरायला हवी. प्रत्यक्षात चार लागतात, कारण लिथियम बॅटरी दोन टप्प्यांत भरते. आधी ठरावीक करंटने भराभर, आणि ४.२ व्होल्टजवळ आल्यावर करंट हळूहळू कमी करत. म्हणून ८० टक्क्यांपर्यंत झरझर आणि पुढे रेंगाळत, हे आपण मोबाइलमध्येही बघतो. आता माझ्या सात बॅटऱ्या आणि दोन खणांचा चार्जर घ्या. चार फेऱ्या, सोळा तास. पॅकअप रात्री नऊला, कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, सकाळी सहाचा. जमत नाही. चार खणांचा चार्जर असेल तर दोन फेऱ्या, आठ तास, आणि मध्यरात्री कुणीतरी उठून बॅटऱ्या बदलायच्या. भाड्याने सामान घेताना "बॅटऱ्या किती" विचारता तेव्हाच "चार्जर किती खणांचा, आणि सगळे खण एकदम भरतो का एकामागून एक" हेही विचारा. एकामागून एक भरणारे चार्जर अजूनही मिळतात.

त्र्यंबकेश्वरला एका लॉजवर आम्ही रात्री चार्जर लावून जेवायला बाहेर पडलो आणि परतल्यावर सगळं जिथल्या तिथे. खोलीची चावी खाचेतून काढली की खोलीचे प्लग बंद होत होते. आता खोलीत शिरल्यावर मी आधी हेच तपासते, आणि झोपण्यापूर्वी चार्जरचे लाल दिवे मोजते.

त्र्यंबकला गेलं की मला हटकून दादासाहेब फाळके आठवतात. त्यांचा जन्म तिथलाच, ३० एप्रिल १८७०चा. १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यमसन कंपनीचा जो कॅमेरा आणला, तो हाताने दांडा फिरवून चालायचा. त्या कॅमेऱ्याला बॅटरी नव्हती. दांडा फिरवणाऱ्याच्या हाताची लय हीच त्याची वीज, आणि उजेड उन्हाचा. नंतर त्यांनी नाशिकमध्येच चित्रपट काढले. आपल्या गावातल्या उन्हात कुणीतरी दिवसभर तो दांडा एकसारख्या गतीने फिरवत होतं, याचा विचार केला की सात बॅटऱ्यांचं ओझं मला फारसं वाटत नाही.

लोकेशनवरची लाइट

शेतात शूटिंग असेल तर मळ्याच्या मालकाला पहिला प्रश्न विचारा: "काका, या आठवड्यात लाइट दिवसाची का रात्रीची?" बऱ्याच ठिकाणी शेतीपंपाच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते आणि पाळ्या बदलतात. विहिरीजवळच्या बोर्डावर चार्जर लावून निश्चिंत झालात आणि लाइट रात्रीची निघाली, तर दुपारी हातात काही नाही.

व्होल्टेज कमी असल्याची भीती चार्जरना फारशी नसते, बहुतेक १०० ते २४० व्होल्टवर चालतात. भीती न्यूट्रलची. थ्री फेज जोडणीत किंवा जनरेटरवर न्यूट्रलची वायर सैल झाली किंवा तुटली, तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्ट चढू शकतात, आणि बोर्डावरचं सगळं एका दमात जातं. म्हणून अनोळखी बोर्डावर चार्जर लावण्याआधी लाइटमनला मल्टिमीटर लावायला सांगा, आणि लग्नाच्या मांडवासारख्या उघड्या जोडांवर तर लावूच नका. माझं ठाम मत आहे की कॅमेरा थेट मेनवर चालवू नये. मेनवर बॅटऱ्या भराव्या, कॅमेरा बॅटरीवर चालवावा. लांब मुलाखत असेल आणि अडॅप्टर वापरायचाच असेल तर मध्ये बॅटरी राहील अशी प्लेट घ्या.

रामकुंडावर जनरेटर न्यायचा प्रश्नच नाही, गर्दी आणि आवाज दोन्ही आड येतात. तिथे पोर्टेबल पॉवर स्टेशन बरं पडतं. यातले लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे जड असतात, पण जास्त वर्षं टिकतात आणि तापण्याच्या बाबतीत शांत. अंजनेरीच्या डोंगरावर चढायचं असेल तर मात्र व्ही-माउंटच. प्रत्येकीचं वजन पाऊण किलोच्या आसपास, वाटून घेता येतं. आणि ओझरहून विमानाने जाणार असाल तर ९८ हा आकडा तुमच्या कामाचा: १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर प्रवासी विमानात मनाई. सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत कधीच नाही. बऱ्याच व्ही-माउंट ९८-९९ वरच का थांबतात, त्याचं कारण हे.

निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा फार खाली जातो. गार सेलचा आतला अडथळा वाढतो आणि भरलेली बॅटरी निम्मी दाखवते. ती बिघडलेली नसते. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, ऊब मिळाली की परत येते. उन्हाळ्याचं नुकसान मात्र परत येत नाही. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेली बॅटरी कायमची म्हातारी होते, आणि तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो. सावलीत अर्धा तास ठेवायची, मग लावायची. फुगलेली बॅटरी दिसली तर त्या दिवसापासून ती सेटवर नाही. तिला भोक पाडू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

सेटवर भरलेली कुठली आणि संपलेली कुठली, यासाठी आमच्याकडे हिरवी टेप. चार्जरवरून उतरली की बॅटरीच्या धातूच्या टोकांवर हिरवी टेप लागते, कॅमेऱ्यावर चढताना ती निघते. टेप नाही म्हणजे रिकामी. "बघतो, आहे वाटतं थोडी" हे वाक्य त्यामुळे संपलं. आणि हे काम एकाच माणसाचं. दोघांनी सांभाळलेल्या बॅटऱ्या दोघांनाही भरलेल्या वाटतात.

त्या मुलांकडे परत येते. त्यांचा कॅमेरा ८ वॉटचा, पाच इंची मॉनिटर ७ चा. १५ वॉट, दिवसाला सहा तास चालू. ९० वॉट-तास. दोन पॉवर बँका मिळून १४८, व्होल्ट बदलण्यात जाणारे धरून हाती ११८ तरी पडतील. कॅमेरा यूएसबी-सीवर चालतो हे आम्ही तिथेच लावून पाहिलं, मॉनिटरही. माझी व्ही-माउंट त्यांना उसनी द्यायची मी तयारी ठेवली होती, पण तिची गरज नव्हती. त्यांच्याच दोन पॉवर बँका एका दिवसाला पुरत होत्या.

"आणि रात्री?" मी विचारलं. त्यांच्याकडे १८ वॉटचा एकच चार्जर होता. ७४ वॉट-तासांची एक पॉवर बँक भरायला त्यावर पाच तास, दोन भरायला दहा. कॉल टाइम पहाटे साडेचारचा. तिने वहीत हिशेबाच्या खाली एक ओळ ओढली आणि लिहिलं: चार्जर अजून एक, आत्याकडे विचारणे. माइकचे सेल, आठ.